जुनी मोटार, नवा टेप आणि विसरलेला हीटर

पिंगुळी म्हटले की बाहेरच्या माणसाला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आठवतात. परंतु कुडाळला लागून असलेले हे गाव मुंबई-गोवा महामार्गावरचेही गाव आहे. पूर्वी हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग १७ म्हणून ओळखला जाई, आता तो ६६ झाला आहे. रस्ता आला की वाहने येतात आणि वाहने आली की पंक्चरवाला, फिटर, वायरमन, कुशनवाला असे आठ-दहा हुन्नर रस्त्याकडेला उभे राहतात. या धंद्यांत आपले अनेक कारागीर बांधव आहेत. जुन्या छोट्या मोटारीत टेप बसविणे आणि तिचा हीटर दुरुस्त करणे, या दोन छोट्या वाटणाऱ्या कामांचा विचार आज त्यांच्यासाठी करावयाचा आहे.

जुनी गाडी कोण ठेवतो?

मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडर, ७९६ सीसीचे इंजिन आणि सोपी बांधणी यामुळे खेड्यातला फिटरही ती उघडू शकतो. म्हणूनच कारखाना बंद झाला तरी कोकणातील वाड्यांतून ती अजून दिसते. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी ती नव्याने करून घ्यावी लागते. या पुनर्नोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ती १०,००० रुपये करण्यात आली.

याचा धंद्याच्या दृष्टीने अर्थ काय? एवढी फी भरून जो मालक जुनी गाडी ठेवतो, तो ती आणखी पाच वर्षे चालविणार आहे. तो गाडीवर खर्च करावयास तयार असतो. मात्र पैसा वाया गेला असे त्याला वाटता कामा नये. असे गिऱ्हाईक एकदा जोडले की सहसा तुटत नाही.

कोकणात हीटर कशाला?

हा प्रश्न गिऱ्हाईकही विचारतो आणि पुष्कळ फिटरही विचारतात. आपल्याकडे थंडी ती किती! म्हणून हीटरचा पाईप गळू लागला की तो दुरुस्त करण्याऐवजी इंजिनाकडून येणारे दोन्ही पाईप एकमेकांना जोडून हीटर कायमचा बाद करण्याची रीत पडली आहे. मे महिन्यात त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते जुलैत.

आंबोलीच्या घाटात वर्षाला सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा पावसात काचा बंद करून चार माणसे बसली की त्यांच्या श्वासाची आणि ओल्या कपड्यांची वाफ थंड काचेवर धरते. ड्रायव्हर एका हाताने फडके मारीत वळण घेतो. समोरून एस.टी. आली तर काय होईल, हे सांगावयास नको. ए.सी. असलेल्या गाडीत हवा कोरडी होते आणि काच सुटते. पण जुन्या गाड्यांपैकी अनेकींना ए.सी. नाही, काहींचा कधीच बंद पडला आहे. तेथे काच साफ राखण्याचे साधन एकच, ते म्हणजे हीटर. बाहेरची हवा घेऊन ती गरम करून काचेवर सोडली की काच उबदार होते आणि वाफ निघून जाते. आतलीच हवा फिरविण्याचा खटका मात्र अशा वेळी बंद हवा, नाहीतर ओलावा आतच राहतो. कोकणातील हीटर हे थंडीचे साधन नसून पावसाळ्यातील सुरक्षिततेचे साधन आहे. ही गोष्ट गिऱ्हाइकाला पटविली तर काम आपोआप मिळेल.

हीटरचा दोष कसा ओळखावा?

हीटरची रचना सरळ आहे. इंजिनातील गरम पाणी एका रबरी पाईपने डॅशबोर्डमागील छोट्या रेडिएटरमध्ये जाते व दुसऱ्या पाईपने परत येते. ब्लोअरचा पंखा त्यावरून हवा फेकतो. पाणी सोडणारा वॉल आणि हवेची दिशा बदलणारी झडप डॅशबोर्डावरील दांड्यांना केबलने जोडलेली असते.

इंजिन चांगले गरम करावे, हीटरची दांडी पूर्ण गरमवर ठेवावी आणि पंख्यापासून हात जपून दोन्ही पाईप चाचपावेत. दोन्ही गरम असतील तर पाणी बरोबर फिरते आहे. मग दोष झडपेत, केबलमध्ये किंवा ब्लोअरमध्ये शोधावा. एक गरम व दुसरा थंड असेल तर वॉल उघडत नाही किंवा छोटा रेडिएटर गंजाने तुंबला आहे. दोन्ही कोमट असतील तर पाणी कमी आहे, हवा अडकली आहे किंवा थर्मोस्टॅट बिघडला आहे. गाडीत गोडसर वास येतो, पायाखालचे कार्पेट ओले होते आणि काचेवर चिकट थर बसतो, अशी तक्रार असेल तर रेडिएटर आतून गळतो आहे असे समजावे. ब्लोअर एकाच वेगाने चालत असेल तर बहुधा त्याचा रेझिस्टर जळलेला असतो. अजिबात चालत नसेल तर आधी फ्यूज, मग जोड आणि शेवटी मोटर पाहावी.

थर्मोस्टॅटबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. 'गरम मुलखात याची गरज नाही' असे सांगून तो काढून फेकण्याची खोड आपल्या धंद्यात फार जुनी आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य उष्णतेला यावयास फार वेळ लागतो, पेट्रोल अधिक जळते, सिलिंडरची झीज वाढते आणि हीटर कोमटच राहतो. हा भाग तपासावयास फुटकी कवडीही लागत नाही. एका पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने त्यात सोडावा आणि पाणी तापवावे. त्याच्यावर उघडण्याचा अंश कोरलेला असतो, तो बहुधा ८२ च्या आसपास असतो. त्या सुमारास तो उघडू लागला आणि पाण्याला उकळी येण्यापूर्वी पूर्ण उघडला तर तो चांगला आहे. नाही उघडला तर बदलावा, पण जागा रिकामी ठेवू नये.

तुंबलेला रेडिएटर प्रत्येक वेळी बदलावा लागतोच असे नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर दोन्ही पाईप काढावेत, परतीच्या बाजूने हलक्या धारेचे पाणी उलटे सोडावे आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावे. जोराची धार लावल्यास जुना रेडिएटर फुटतो. नंतर नव्या क्लिपा लावून विहिरीचे पाणी न भरता कूलंट भरावे. साध्या पाण्यातील क्षार आणि त्यातून धरणारा गंज हेच तुंबण्याचे मूळ कारण असते. कूलंट तयार मिळाले तर उत्तम, नाहीतर बाटलीवर दिलेल्या प्रमाणात ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळावे. रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून, हीटरची दांडी गरमवर करून, थंड इंजिन सुरू करावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. काढलेले जुने कूलंट गटारात ओतू नये. ते विषारी असते आणि गोड चवीमुळे जनावरे ते पितात.

टेप बसविताना

एक काळ असा होता की आखातातून सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या सामानात कॅसेटचा कार-टेप असे आणि तो बसविणारा वायरमन गावात मोठा कारागीर गणला जाई. आता कॅसेट गेली, सीडीही मागे पडली. पेन ड्राईव्ह आणि मोबाईलवर चालणारे टेप आले. परंतु समोरच्या खाचेचे माप बहुतेक तेच राहिले आहे, १८० गुणिले ५० मिलिमीटर. त्यामुळे जुन्या गाडीतही नवा टेप बसतो.

प्रथम बॅटरीचे मायनस टोक काढावे. टेपच्या तारांचे रंग बहुतेक ठिकाणी ठरलेले असतात, तरीही सोबतचा कागद पाहिल्याशिवाय जोड करू नये. पिवळी तार बॅटरीचा कायमचा प्लस, लाल तार चावी फिरविल्यावर येणारा प्लस, काळी तार अर्थ. पुढील डावा स्पीकर पांढरा, उजवा करडा, मागील डावा हिरवा, उजवा जांभळा. काळी रेघ असलेली तार त्याच स्पीकरची मायनस. या मायनस तारा एकत्र करू नयेत आणि बॉडीलाही लावू नयेत. जुन्या टेपमध्ये तसे चालत असे, नव्या टेपचा अॅम्प्लिफायर त्याने जळतो.

पिवळी आणि लाल तार एकत्र करून कायमच्या प्लसला जोडणे हा सर्वांत महागात पडणारा सोपेपणा होय. चावी काढली तरी टेप जागाच राहतो. हिशोब पाहा. टेपने दोन अँपिअर ओढले तर दहा तासांत वीस अँपिअर-तास गेले. मारुतीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची, तीही जुनी. सकाळी गाडी ढकलण्याची पाळी येते आणि गिऱ्हाईक बॅटरीवाल्याशी भांडावयास जाते. काम झाल्यावर सर्व बंद करून मीटर मालिकेत लावावा. ०.०५ अँपिअरपेक्षा अधिक ओढ दिसली तर दोष शोधल्याशिवाय गाडी सोडू नये.

स्पीकरचा प्लस-मायनस कळत नसेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावावा. पडदा बाहेर आला की सेलच्या प्लसला असलेले टोक स्पीकरचे प्लस. एक स्पीकर उलटा लागला तर जाड सूर एकमेकांना खातात आणि गिऱ्हाईक नव्या टेपलाच नावे ठेवते.

बॅटरीकडून नवी तार आणावयाची असल्यास तिला बॅटरीजवळच फ्यूज घालावा आणि पत्र्यातून जाते तेथे रबरी बूच बसवावे. नाहीतर पत्रा तार कापतो आणि गाडीला आग लागते. जोड पिळून काळी पट्टी गुंडाळणे आपल्या किनाऱ्यावर टिकत नाही. खाऱ्या दमट हवेत तांबे हिरवे पडते. जोड डाग देऊन वर आकसणारी नळी बसवावी आणि अर्थचा स्क्रू घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर घट्ट करावा. इंजिनाच्या वेगाबरोबर स्पीकरमध्ये शिटी येत असेल तर दहांपैकी बहुतेक वेळा दोष अर्थमध्येच असतो. एअरबॅग असलेल्या नव्या गाड्यांत पिवळ्या आवरणाच्या तारांना मात्र मुळीच हात लावू नये.

दोन कामे, एकच उघडझाप

आता मुख्य मुद्दा. हीटर आणि टेप, दोन्ही डॅशबोर्डाच्या मध्यभागी शेजारी शेजारी असतात. खरी मजुरी लागते ती डॅशबोर्ड उघडण्या-बसविण्याची. टेप काढलेल्या खाचेतून हीटरच्या केबली दिसतात, त्या सुटल्या आहेत की गंजल्या आहेत हे पाहावयास पाच मिनिटे पुरतात. म्हणून टेपसाठी आलेल्या प्रत्येक जुन्या गाडीचा हीटर विनामूल्य तपासून द्यावा. दोष निघाला तर सांगावा. गिऱ्हाइकाला दोनदा मजुरी पडत नाही आणि आपल्याला एका गाडीमागे दोन कामे मिळतात.

क्रम मात्र चुकवू नये. आधी हीटर करावा, इंजिन गरम करून गळती नाही याची खात्री करावी आणि मगच टेप बसवावा. उलट केल्यास कूलंटचा एक ओघळ नव्या टेपचे नुकसान करतो आणि ते भरून द्यावे लागते. वायरमन व फिटर वेगळे असतील तर दोघांनी भागीत काम घ्यावे, मजुरीची वाटणी आधी ठरवावी आणि ती लिहून ठेवावी.

तोलमापात खोट नको

टेपच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असे छापलेले असते. टेपमागील फ्यूज मात्र पुष्कळदा १० अँपिअरचा असतो. इंजिन चालू असता १३.८ व्होल्ट धरले तरी १० अँपिअरला १३८ वॅट होतात. मग २०० वॅट कोठून येणार? प्रत्यक्षात एका स्पीकरला सतत पंधरा-वीस वॅट मिळतात आणि एवढ्या लहान गाडीला ते पुरेसेही होतात. हे गिऱ्हाइकाला सरळ सांगावे. खोक्यावरचा आकडा दाखवून माल विकणे म्हणजे दुसऱ्याने लिहिलेले खोटे आपल्या तोंडाने बोलणे होय. तसेच कुर्ला किंवा चोर बाजारातून आणलेला जुना रेडिएटर बसविला तर बिलात 'जुना' असे लिहावे. साहित्य आणि मजुरी वेगळी दाखवावी, काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा.

या कामास फार भांडवल लागत नाही. मीटर, डाग देण्याचे यंत्र, क्रिम्पिंगची पक्कड आणि चांगली हत्यारे एवढ्यावर सुरुवात होते. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत शिशु गटाखाली ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज बँका देतात. २०२३ च्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत मोटार मेकॅनिक नाही, तेव्हा त्या अर्जामागे वेळ घालवू नये.

शेवटची मारुती ८०० देखील २०२९ साली पंधरा वर्षांची होईल. त्यानंतर काही वर्षांनी हे काम कमी होत जाणार, हे उघड आहे. परंतु बारा व्होल्टची तार, अर्थ, फ्यूज आणि गळती यांचे ज्ञान पुढच्या गाड्यांतही लागणारच आहे. गॅरेजमध्ये शिकावयास येणाऱ्या पोराच्या हाती फक्त पाना न देता मीटरही द्यावा. आणि पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या मध्यात, आपल्या गिऱ्हाइकांना एक निरोप धाडावा: 'हीटर तपासून घ्या.' घाटात ज्याची काच साफ राहील, तो आपल्या गॅरेजचे नाव चार ठिकाणी सांगेल.