माती डांबर पचवते काय?

बेलव्ह्यू हे नाव आपल्या बेटावर कोणाला नवे नाही. बेलव्ह्यू मोरेल आपल्या उत्तरेलाच आहे. आज ज्या बेलव्ह्यूकडे वाचकांना न्यावयाचे आहे ते मात्र अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात, एका मोठ्या तलावाच्या पूर्व काठावर वसलेले शहर आहे. शेजारच्या रेडमंडला मायक्रोसॉफ्ट कंपनीचे मुख्य कार्यालय असल्याने महाराष्ट्रातील पुष्कळ कुटुंबे या भागात राहावयास आली आहेत. तलावापलीकडे सिॲटल शहर. मध्ये पाण्यावर तरंगणारे पूल. या परिसरात जमिनीत मुरलेल्या डांबराची एक हकीकत घडली आहे, आणि २०२० सालच्या वाकाशिओ जहाजाच्या अपघातानंतर ती आपण समजून घ्यावी अशी आहे.

आपल्या लोकांत एक समज आहे की, माती सगळे पोटात घेते. मोटारीच्या इंजिनातले जुने तेल घरामागे ओतणारे गृहस्थ हेच सांगतात. या समजात अर्धे सत्य आहे. उरलेल्या अर्ध्याची गोष्ट सिॲटलला पाहावयास मिळते.

तेथे लेक युनियन नावाच्या तलावाकाठी १९०६ पासून १९५६ पर्यंत गॅसचा कारखाना होता. आरंभी दगडी कोळशापासून आणि पुढे खनिज तेलापासून गॅस काढीत. खाली उरे ते डांबर. त्यातले बरेच डांबर पडावांतून बेलव्ह्यूच्या दक्षिणेस लागून असलेल्या रेंटन येथे जाई. तेथील कारखान्यात १९६९ पर्यंत डांबरापासून क्रिओसोट, म्हणजे लाकूड किडू नये म्हणून लावावयाचे तेल, तयार होत असे. दोन्ही ठिकाणी वर्षानुवर्षे जे सांडले ते जमिनीत उतरले.

गॅस कारखान्याची सुमारे २० एकर जागा १९६२ साली नगरपालिकेने बागेसाठी घेतली. एवढी विषारी माती उचलून नेणे व नवी आणून टाकणे हाच सरळ मार्ग वाटत होता. रिचर्ड हॅग या उद्यानरचनाकाराने वेगळे सुचविले. राडारोडा एका जागी रचून त्याची टेकडी करावी, आणि उरलेली जमीन खोल नांगरून तीत सांडपाण्याचा गाळ व लाकडाचा भुसा मिसळावा. बाकीचे काम मातीतील जिवाणू करतील! लोक हसले असतील, पण युक्ती शास्त्राला धरून होती.

चमचाभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. तिच्यावर तेल किंवा डांबर पडले की त्यांतले पुष्कळ मरतात वा मंदावतात. जातींची विविधता घटते. परंतु स्यूडोमोनास, मायकोबॅक्टेरियम, ऱ्होडोकॉकस यांसारख्या काही जिवाणूंना हा विषारी पदार्थच अन्न म्हणून चालतो. ते पूर्वीपासून तेथे असतातच, थोडे असतात. इतर मागे पडले की यांची संख्या झपाट्याने वाढते. आणखी नवल असे की, तेल फोडण्याची विद्या पुष्कळदा एका लहानशा गोलाकार अनुवंशिक तुकड्यावर असते, आणि एक जिवाणू तो तुकडा शेजाऱ्याला देऊ शकतो. आपले भारतीय शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी असेच तुकडे एका जिवाणूत एकत्र आणले, आणि १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सजीवावर पेटंट मिळू शकते असा निकाल त्यांच्या बाजूने दिला.

पण या मंडळींना दोन गोष्टी लागतात. पहिली प्राणवायू. डांबरातील द्रव्ये कर्बाच्या कड्यांची बनलेली असतात. कडे तोडण्यासाठी जिवाणू आधी त्यात प्राणवायूचे अणू घुसवतात. मग कडे उघडते, त्याची साधी आम्ले होतात, आणि शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइड उरतो. म्हणून नांगरट. दुसरी गोष्ट नत्र आणि स्फुरद. तेलात कर्ब भरपूर, ही दोन जवळजवळ नाहीत. नुसत्या भातावर माणूस किती दिवस काढील? सांडपाण्याच्या गाळाने ती उणीव भरून काढली.

बाग १९७५ साली खुली झाली. कारखान्याचे जुने मनोरे तसेच उभे राहिले, भोवती हिरवळ आली.

येथे गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते! १९८४ साली तपासणीत मातीत डांबराची जड द्रव्ये सापडली व बाग काही काळ बंद ठेवावी लागली. कारण असे की, जिवाणू सोपे ते आधी खातात. कपड्यांत ठेवावयाची डांबरगोळी, म्हणजे नॅप्थॅलीन, दोन कड्यांची. ती लवकर संपते. तीन कड्यांना वेळ लागतो. कर्करोगास कारण होणारे बेंझोपायरीन पाच कड्यांचे. ते मातीच्या कणांना असे चिकटून बसते की जिवाणूंना हाती लागत नाही. पुढे बागेत नव्या मातीचे थर द्यावे लागले. रेंटनच्या जागेसाठी तर २०२० साली ठरलेल्या योजनेत डांबर जमिनीतच धुमसवून जाळण्याचा उपाय घेतला आहे. हॅग यांचा प्रयोग फसला असे मात्र मी म्हणणार नाही. जिवाणूंनी आपला वाटा उचलला. माणसांनी त्यांच्याकडून सगळ्याचीच अपेक्षा धरली.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ प्वांत देस्नीजवळ खडकावर चढले, आणि ६ ऑगस्टपासून सुमारे १००० टन इंधन तेल समुद्रात गेले. माहेबूरला लोकांनी उसाचे पाचट कापडात भरून बांध शिवले, हातांनी तेल उपसले. काहींनी तेव्हा म्हटले, निसर्ग आपोआप साफ करील. उघड्या, लाटांनी धुतल्या जाणाऱ्या खडकावर ते पुष्कळसे खरे आहे. आपली उष्ण हवाही जिवाणूंना मानवते. परंतु मांग्लियेच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांत नांगर चालत नाही. चिखलात पाय टाकला तर तेल आणखी खाली दाबले जाते. पाचटाच्या बांधांनी जे तेल तेथवर जाऊ दिले नाही, त्याची किंमत म्हणूनच मोठी.

ओहोटीच्या वेळी त्या चिखलात काठी खुपसून पाहावी. वर तपकिरी रंगाचा पातळ थर दिसतो, त्याच्या खाली लगेच काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा चिखल लागतो. प्राणवायू त्या तपकिरी थरापर्यंतच पोचतो. काळ्या चिखलातही तेल खाणारे जिवाणू आहेत. ते प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातील सल्फेटवर भागवतात, आणि त्यांचे काम फार सावकाश चालते.