घासलेले बेअरिंग

पितळेचे पातेले कल्हईवाल्याकडे देताना भांडे वाया गेले असे आपण म्हणत नाही. भांडे शाबूत असते. गेलेला असतो कथलाचा पातळ थर. जड यंत्राचे बेअरिंग याच जातीचे. शाफ्ट पोलादाचा, त्याला पेलणारे घर बहुधा ओतीव लोखंडाचे, आणि दोहोंच्या मध्ये पांढऱ्या धातूचे अस्तर. झिजायचे ते या अस्तराने.

मऊ धातूने पोलाद कसे पेलावे? 1839 साली अमेरिकेत आयझॅक बॅबिट याने या प्रकारच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. चांगल्या मिश्रणात शंभरात नव्वदच्या आसपास भाग कथील, बाकी अँटिमनी व तांबे. मऊ कथलात कठीण कण विखुरलेले असतात. भार ते घेतात. धुळीचा कण शिरलाच तर मऊ भागात रुतून बसतो. तेल तुटले तर अस्तर वितळते, शाफ्ट बहुधा वाचतो. कारखान्याच्या हिशेबात मात्र हे नुकसानच!

दुरुस्ती करताना जुने अस्तर वितळवून काढतात, घर स्वच्छ करून त्याला कल्हई करतात, आणि मग नवा धातू ओततात. घर आधी तापवलेच पाहिजे. थेंबभर ओल राहिली, तर तापलेला रस उसळून ओतणाऱ्याच्या तोंडावर येतो. (घाई कोणाची आणि भाजतो कोण, हे निराळे सांगायला नको.) थंड झाल्यावर हातोडीने हलकेच वाजवावे. खणखणीत वाजले तर धातूने घर धरले. बद्द वाजले तर पुन्हा वितळवा.

खरे काम यापुढचे. शाफ्टला निळा रंग अगदी पातळ लावून तो बेअरिंगमध्ये फिरवायचा. उंचवट्यांवर निळे ठिपके उठतात, तेवढेच स्क्रेपरने खरवडायचे. पुन्हा रंग, पुन्हा खरवड. ठिपके सर्वत्र सारखे उठेपर्यंत हेच. तेलासाठी फट ठेवायची ती शाफ्टच्या व्यासाच्या दर इंचामागे साधारण एक हजारांश इंच.

एका कारखान्यात या खरवडण्यावर साडेपाच तास घालवले म्हणून एका फिटरवर कामचुकारपणाचे आरोपपत्र आले. चौकशीत मी भाषण केले नाही. शेजारच्या यंत्राचे घाईने बसवलेले बेअरिंग उघडायला लावले आणि दोन्हींना रंग लावायची विनंती केली. फिटरच्या बेअरिंगवर ठिपके दाट आणि सारखे. दुसऱ्यावर फक्त दोन टोकांना निळे. म्हणजे सारा भार त्या दोन टोकांवर. अधिकारी बराच वेळ वाकून पाहत होते. आरोपपत्र मागे घेतले गेले. कापलेला पगार मिळवायला मात्र आणखी चार महिने लागले.