हिरव्या फळात दडलेला लाल रंग

जंगली टोमॅटो म्हणजे बारीक लाल फळांचे झुडूप, असे बहुतेकांना वाटते. हे खरे आहे, पण फार थोड्या जातींपुरते. पेरू आणि इक्वाडोरच्या किनारपट्टीवरचा सोलॅनम पिंपिनेलिफोलियम तसा आहे; त्याची वाटाण्याहून थोडी मोठी लाल फळे खाताही येतात. गॅलापागोस बेटांवरच्या दोन जातींची फळे पिवळी-नारिंगी असतात. बाकी बहुतेक जातींची फळे पिकली तरी हिरवीच राहतात. ती पिकल्याचे रंगावरून कळत नाही, बोटाला मऊ लागली की कळते. ती चाखून मात्र पाहू नयेत.

‘मग अशा हिरव्या, लवदार फळाचा लाल टोमॅटोला काय उपयोग?’ हा समज संशोधकांमध्येही बराच काळ होता. फळ पाहूनच झाड बाजूला टाकले जाई. कॉर्नेल विद्यापीठाच्या स्टीव्हन टँक्सली यांच्या गटाने सोलॅनम हॅब्रोकायटिस या हिरव्या फळाच्या जातीच्या गुणसूत्रांचे तुकडे लागवडीच्या टोमॅटोत आणले, तेव्हा त्यांतल्या काहींनी फळाचा लाल रंग आणखी गडद केला. मूळ झाडात लाल रंग तयारच होत नव्हता, त्यामुळे या गुणाला दिसायला जागा नव्हती. तसाच अनुभव सोलॅनम श्मिएलेव्स्कीचा. १९६२ मध्ये ह्यू इल्टिस आणि डोनाल्ड युजेंट यांनी पेरूत त्याचे बी गोळा केले. फळ लहान आणि हिरवे. पण पुढे टोमॅटोचे अभ्यासक चार्ल्स रिक यांनी त्याच्या संकरातून टोमॅटोतले साखरेसारखे विद्राव्य घटक वाढवून दाखवले. दिसते त्यावरून झाडाची किंमत करू नये, हे मला या पिकाने जितके पटवले तितके दुसऱ्या कशाने नाही.

संकर केला की पहिल्याच पिढीत विविधता दिसते, हाही अर्धवट समज. दोन्ही पालक शुद्ध वाणाचे असतील तर पहिली पिढी एकसारखी येते. गुण सुटे होतात ते दुसऱ्या पिढीत. पण सोलॅनम पेरूव्हियानम किंवा चिलेन्स स्वतःचे पराग स्वीकारत नाहीत. त्यांची शेजारशेजारची दोन झाडेही वेगळी असतात, म्हणून त्यांच्या संकराची पहिली पिढीसुद्धा वेगवेगळी निघते. एका झाडावरून अशा जातीविषयी काही ठरवता येत नाही. जागा असेल तितकी झाडे लावावीत, प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि पानांची लव, चुरडल्यावर येणारा वास, फुलात परागकोशांच्या शंकूबाहेर डोकावणारी कुक्षी यांची नोंद ठेवावी. लागवडीच्या टोमॅटोत कुक्षी बहुधा शंकूच्या आत असते. दुसऱ्या पिढीत ती किती बाहेर येते हे झाडागणिक बदलते, आणि हे पाहण्यात खरा आनंद आहे.

संकरात कोणतेही झाड मादी म्हणून चालते, हेही खरे नाही. स्वतःचे पराग नाकारणाऱ्या जाती लागवडीच्या टोमॅटोचे परागही नाकारतात. परागनलिका कुक्षिवृंतातच थांबते. म्हणून मादी टोमॅटो आणि पराग जंगली जातीचे, असाच संकर करावा लागतो. पेरूव्हियानमच्या बाबतीत तेवढ्यानेही भागत नाही, कारण बीजातला गर्भ वाढत नाही. १९४४ मध्ये असा गर्भ काढून काचपात्रात वाढवला गेला आणि त्या एका संकरातून सूत्रकृमींना दाद न देणारा गुण टोमॅटोत आला.

गॅलापागोसच्या टोमॅटोचे बी उगवत नाही ते जुने झाल्यामुळे, असेही नाही. त्याचे कवच कठीण असते. तिथल्या राक्षसी कासवाच्या पोटातून गेलेले बी चांगले उगवते, हे रिक आणि बोमन यांनी १९६१ मध्ये दाखवले. कासव नसेल तर पातळ केलेल्या ब्लीचमध्ये अर्धा तास भिजवून बी स्वच्छ धुवावे.

आणि जंगली जातीशी संकर म्हणजे जनुकीय बदल (जीएम) नव्हे. परागकण आणि चिमटा एवढ्यावर ते काम चालते. हिसारच्या कृषी विद्यापीठात जी. कल्लू आणि एम. के. बॅनर्जी यांनी हॅब्रोकायटिसमधून पर्णगुच्छ विषाणूची प्रतिकारशक्ती टोमॅटोत आणली, ती याच मार्गाने. आपले शेतकरी ज्याला बोकड्या म्हणतात, पांढऱ्या माशीने पसरणारा, तोच हा रोग. त्यातून ‘एच-२४’ हा वाण तयार झाला. त्या गुणाच्या जनुकाला आज टीवाय-२ म्हणतात, आणि रोगप्रतिकारक वाण तयार करणारे पैदासकार अजूनही ते वापरतात.