भिंतीलगत अंबाडी, तिच्यापुढे गुलबक्षी

इंग्लंडमधल्या खेड्यातलं घर चित्रात पाहिलं की आधी डोळ्यांत भरतात ते भिंतीला टेकलेले हॉलीहॉकचे उंच दांडे. युसूफ वडगावात ते कुठून आणायचे? आणायचं कारणच नाही. हॉलीहॉक हे कापूस, भेंडी, जास्वंदाच्या कुळातलं, आणि त्याच कुळातली अंबाडी आपल्या बांधावर उभीच असते. कोवळा पाला भाजीला खुडतो. राहिलेलं झाड डोक्याच्या वर जातं आणि पावसाळा सरताना फुलतं. ते फूल जवळून बघा. फिकट पिवळ्या, रेशमासारख्या पाकळ्या आणि आत गर्द लालजांभळा डोळा. भाजीचं झाड म्हणून आपण त्याच्याकडे कधी मान वर करून पाहिलंच नाही.

ती इंग्रजी बागही मुळात गरिबाच्या घरची. कोबी, कांदा, औषधी पाला आणि त्यातच फुलं. गर्ट्रूड जेकिल ही चित्रकार बाई सरे परगण्यातली अशीच अंगणं पाहत शिकली. मन्स्टेड वुडच्या तिच्या लांबलचक वाफ्यात दोन्ही टोकांना निळे-पांढरे शांत रंग आणि मध्यावर तांबडे-नारिंगी. १९०८ मध्ये तिने बागेतल्या रंगांवर पुस्तकच लिहिलं.

तेच इथे करता येतं. मृगाचा पाऊस पडला की भिंतीलगत अंबाडी टोका. पुढे मध्यावर झेंडू, त्याच्या दोन्ही बाजूंना गुलबक्षी. ती दिवस कलला की उमलते, शेतातून माणसं परतायच्या वेळी. मग तेरडा, टोकांना पांढरी सदाफुली, कुंपणावर निळी गोकर्ण. मधल्या जागेत मिरची, वांगी खुशाल येऊ द्या. दाटी हवीच, कारण उघडी काळी माती उन्हात भेगाळते.

हिरवळीच्या नादी मात्र लागू नये. मांजरा धरण आपल्याच केज तालुक्यात, धनेगावला. त्याने तळ गाठला तेव्हा, २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. न्हाणीचं पाणी कर्दळीकडे वळवा, बाकी झाडांच्या बुडाशी सोयाबीनचं भुसकट पसरा.

दिवाळीच्या साफसफाईत सुकलेली झाडं लगेच उपटू नका. तेरड्याचं पिकलं बोंड बोट लागताच फुटतं, बी चार हात उडतं. गुलबक्षीचं काळं, सुरकुतलेलं, मिऱ्यासारखं बी बुडाशीच गळतं. ते विषारी असतं, लेकरांच्या तोंडात जाऊ देऊ नका. पुढच्या मृगात दोन्ही आपली आपण उगवतात, कधी ऐन वाटेतही. वाटेतली तेवढी मातीसकट उचलून दुसरीकडे लावायची.