रस्ता, एस. टी. आणि रेल्वे : परभणी जिल्ह्यात देखरेख कोणाची?

दळणवळणाची साधने ही कोणत्याही भूप्रदेशाच्या विकासाची पहिली अट होय. शेतात पिकलेला कापूस बाजारापर्यंत, आजारी माणूस रुग्णालयापर्यंत आणि शाळकरी मुलगी शाळेपर्यंत वेळेवर पोहोचली, तरच बाजारपेठ, रुग्णालय आणि शाळा यांचा त्या गावाला उपयोग. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या परभणी जिल्ह्याला ही गोष्ट विशेष लागू पडते. परभणी, जिंतूर, गंगाखेड, पाथरी, सेलू, पूर्णा, पालम, सोनपेठ आणि मानवत अशा ९ तालुक्यांचा हा जिल्हा मुख्यतः काळ्या जमिनीचा व शेतीवर जगणारा आहे.

परंतु वाहतुकीविषयी गाऱ्हाणे मांडावयाचे झाल्यास ते नेमके कोणाकडे मांडावे, हे पुष्कळदा ग्रामपंचायतीच्या सदस्यालाही माहीत नसते. एस. टी. येत नाही म्हणून अर्ज आगारात जातो. दोष असतो रस्त्याचा. रस्त्यासाठी अर्ज सार्वजनिक बांधकाम विभागाकडे जातो. रस्ता असतो जिल्हा परिषदेचा. अर्ज फिरत राहतो आणि पावसाळा निघून जातो. म्हणून रस्ते, सार्वजनिक प्रवासी वाहतूक आणि रेल्वे यांवर शासनाची देखरेख कशी चालते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

एका छत्राखालील वाहतूक

हैदराबाद संस्थानाच्या काळात मनमाड ते सिकंदराबाद ही गोदावरी खोऱ्यातून जाणारी मीटरगेज रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि परभणी रेल्वेच्या नकाशावर आली. प्रारंभी ही रेल्वे एका कंपनीच्या व्यवस्थापनाखाली होती. १९३० मध्ये संस्थानाने ती आपल्या ताब्यात घेतली. पाठोपाठ जून १९३२ मध्ये याच रेल्वेच्या अखत्यारीत रस्ता वाहतूक विभाग स्थापन होऊन २७ बसगाड्यांनिशी सरकारी बससेवेस आरंभ झाला. रेल्वे आणि बस यांनी परस्परांशी स्पर्धा न करता परस्परांना पूरक ठरावे, हा विचार त्यामागे होता. भारतात सरकारी मालकीची प्रवासी बससेवा प्रथम सुरू झाली ती या संस्थानात. पुणे ते अहमदनगर या मार्गावर मुंबई राज्याची पहिली एस. टी. धावली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे सुमारे १६ वर्षांनंतर.

स्वातंत्र्यानंतर हे छत्र दुभंगले. नोव्हेंबर १९५१ मध्ये निजामाची रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन होऊन मध्य रेल्वेचा भाग बनली, तर बससेवा राज्याकडे राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर मुंबई, मराठवाडा व विदर्भ येथील तीन सरकारी सेवांचे एकत्रीकरण होऊन १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ अस्तित्वात आले. पुढे २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे हा नवा विभाग निर्माण झाला आणि परभणीवरून जाणारी रेल्वे त्याच्या कक्षेत गेली. तेव्हापासून परभणीच्या रेल्वेचे मुख्यालय सिकंदराबाद येथे, तर एस. टी.चे मुंबई येथे आहे.

रस्ता कोणाचा?

रस्त्यांची जी वर्गवारी आज प्रचलित आहे, तिचा पाया १९४३ मध्ये नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत घातला गेला. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग या पाच वर्गांवरून जबाबदारी ठरते.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ अन्वये राष्ट्रीय महामार्ग केंद्र शासनाच्या मालकीचे असतात व त्यांच्या देखभालीचे उत्तरदायित्वही केंद्राचेच असते. हे काम केंद्र शासन भारतीय राष्ट्रीय राजमार्ग प्राधिकरणाकडे अथवा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे सोपविते. कल्याणकडून अहिल्यानगर, पाथरी, मानवत, परभणी, वसमत व नांदेडमार्गे निर्मलकडे जाणारा मार्ग हे याचे जवळचे उदाहरण. पूर्वी त्याचा क्रमांक २२२ होता. नव्या क्रमवारीत तो ६१ झाला. राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग यांची जबाबदारी जिल्हा परिषदेकडे असते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून बांधलेल्या रस्त्यांची पहिल्या ५ वर्षांची देखभाल ठेकेदारावर करारानेच बंधनकारक असते आणि कामाची माहिती देणारा फलक रस्त्याच्या कडेला लावावा लागतो. तो फलक वाचणे हीच देखरेखीची पहिली पायरी होय.

अडचण बहुधा रस्त्याचा दर्जा बदलताना उद्भवते. इतर जिल्हा मार्गाची प्रमुख जिल्हा मार्गात किंवा राज्य महामार्गाची राष्ट्रीय महामार्गात दर्जोन्नती झाली, की जुन्या यंत्रणेचा हात सुटतो आणि नव्या यंत्रणेचा निधी येण्यास अवधी लागतो. अशा मधल्या काळात खड्डे भरण्याचे काम कोणाचे, हे लेखी विचारून घेणे आवश्यक ठरते.

परभणीच्या बाबतीत जमिनीचा स्वभावही विचारात घ्यावा लागतो. काळी जमीन पाण्याने फुगते व उन्हाने आकसून भेगाळते. त्यामुळे डांबराचा थर चांगला असूनही खालचा भराव हलतो, कडा तुटतात आणि साइडपट्ट्या खचतात. मुरमाची पुरेशी जाडी आणि दोन्ही बाजूंना पाणी वाहून नेणाऱ्या चरी या दोन गोष्टींवर अशा रस्त्याचे आयुष्य अवलंबून असते. चरी बुजवून शेताचा बांध रस्त्यापर्यंत आणला गेला, तर कोणताही ठेकेदार नेमला तरी रस्ता टिकणार नाही. या बाबतीत देखरेखीचा भार गावावरही येतो.

एस. टी. : सेवा आणि व्यवसाय

एस. टी. महामंडळ मार्ग परिवहन महामंडळे अधिनियम, १९५० या केंद्रीय कायद्याखाली स्थापन झाले आहे. कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर व सुसूत्र वाहतूक सेवा पुरविणे हे कायद्याने महामंडळाचे कर्तव्य ठरविले आहे. त्याच कायद्याने व्यावसायिक तत्त्वांवर कारभार करण्याचे बंधनही घातले आहे. या दोन कलमांमधील ताण हाच ग्रामीण एस. टी.चा खरा प्रश्न होय. शेवटच्या वस्तीपर्यंत जाणारी गाडी पुरेशा सेवेत मोडते; पण तिचे भारमान कमी असले, तर ती व्यवसायात बसत नाही. तोट्यातील फेरी चालू ठेवावी की नाही, हा निर्णय म्हणूनच केवळ आगार व्यवस्थापकाच्या मर्जीचा राहत नाही. तो धोरणाचा विषय बनतो.

महामंडळावरील देखरेखीचे अनेक स्तर आहेत. राज्य शासन त्यास धोरणविषयक निदेश देऊ शकते. त्याच्या हिशेबांची तपासणी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवला जातो आणि विधिमंडळाची सार्वजनिक उपक्रम समिती कारभाराची छाननी करते. भाडेवाढ महामंडळाला स्वतःच्या अधिकारात करता येत नाही. त्यासाठी परिवहन प्राधिकरणाची मान्यता लागते. ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत असे निर्णय शासनाचे असतात. त्यांची प्रतिपूर्ती शासनाकडून वेळेवर होणे, यावर गाड्यांची दुरुस्ती व नवी खरेदी बऱ्याच अंशी अवलंबून असते. सवलत देणारा आणि गाडी चालविणारा हे वेगवेगळे आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे डेपोत उभ्या असलेल्या नादुरुस्त गाडीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

जिल्हा पातळीवर विभाग नियंत्रक हा एस. टी.चा प्रमुख अधिकारी असतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तथापि एस. टी.चा परभणी विभाग दोन्ही जिल्ह्यांना सेवा देतो. परभणी, जिंतूर, गंगाखेड व पाथरी ही या जिल्ह्यातील, तर हिंगोली, वसमत व कळमनुरी ही शेजारच्या जिल्ह्यातील आगारे आहेत. उरलेल्या तालुक्यांच्या गावांना शेजारच्या तालुक्यातील आगाराकडे पाहावे लागते, हे पंचायत सदस्यांनी लक्षात ठेवावे.

खाजगी वाहने आणि परिवहन कार्यालय

एस. टी. जेथे पोहोचत नाही, तेथे काळी-पिवळी जीप पोहोचते. तिच्यावर व खाजगी बसगाड्यांवर देखरेख ठेवण्याचे काम परिवहन आयुक्तांच्या अधिपत्याखालील उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाचे आहे. वाहनावरील एम. एच. २२ ही अक्षरे याच परभणी कार्यालयाची खूण होत. परवाना, योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि आसनक्षमता या चार गोष्टी मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये तपासल्या जातात. योग्यता प्रमाणपत्राच्या अटीतून एस. टी.ची गाडीही सुटलेली नाही. टपावर व पायरीवर माणसे बसविलेली जीप अपघातात सापडली, तर विम्याच्या भरपाईचे दावे गुंतागुंतीचे होतात आणि त्याची झळ घरातील मागे राहिलेल्या माणसांना बसते. शिक्षकांनी ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य समजावून सांगावी.

रेल्वेवरील स्वतंत्र नजर

रेल्वे ही सर्वस्वी केंद्राच्या कक्षेतील सेवा. मराठवाड्यात रुंदमापी मार्गासाठी जनतेला दीर्घकाळ आंदोलन करावे लागले. मनमाडकडून येणाऱ्या मार्गाचे रुंदमापीत रूपांतर १९९० च्या दशकात झाले, तर पूर्णा ते अकोला मार्गाचे २००८ मध्ये पूर्ण झाले. १ एप्रिल २००३ पासून नांदेड येथे रेल्वेचे स्वतंत्र मंडळ कार्यालय सुरू झाले. परभणी ते मुदखेड या सुमारे ८१ किलोमीटर मार्गाचे दुहेरीकरण झाले असून परभणी ते छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) या सुमारे १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणास केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ जुलै २०२५ रोजी मंजुरी दिली.

नवा मार्ग बांधून झाला, की त्यावरून लगेच प्रवासी गाडी सोडता येत नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी पाहणी करून अनुमती द्यावी लागते. गंभीर अपघातांची वैधानिक चौकशीही हेच अधिकारी करतात. विशेष म्हणजे ही यंत्रणा रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवण्यात आली आहे. जो गाडी चालवितो त्यानेच तिच्या सुरक्षिततेचा दाखला देऊ नये, हे त्यामागील तत्त्व. देखरेखीच्या संपूर्ण व्यवस्थेत हे तत्त्व सर्वांत मोलाचे आहे.

दुवे जोडणे

रस्ता, बस व रेल्वे यांच्या यंत्रणा स्वतंत्र झाल्या, हे कामाच्या व्यापाकडे पाहता अपरिहार्य होते. मात्र १९३२ साली ज्या समन्वयाचा विचार झाला होता, तो आता जिल्ह्यालाच साधावा लागतो. आठवीत गेलेल्या मुलीचे उदाहरण घ्यावे. तिच्यासाठी शासनाने मोफत पासाची तरतूद केली आहे. मानव विकास कार्यक्रमातून मुलींच्या प्रवासासाठी गाड्याही दिल्या आहेत. परंतु ओढ्यावरील नळकांडी पूल वाहून गेला, तर चालक गाडी गावात नेणार नाही, आणि त्यास दोषही देता येणार नाही. पास एका खात्याचा, गाडी दुसऱ्याची आणि पूल तिसऱ्याचा. तिन्हींपैकी एक तुटला, तरी मुलीची शाळा सुटते. आणि एकदा सुटलेली शाळा पूल दुरुस्त झाल्यावर पुन्हा सुरू होतेच असे नाही.

समन्वयासाठी व्यासपीठे उपलब्ध आहेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील रस्ता सुरक्षा समिती, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती आणि केंद्राच्या योजनांसाठी खासदारांच्या अध्यक्षतेखालील ‘दिशा’ समिती यांपुढे असे प्रश्न नेता येतात. रेल्वेसाठी प्रवासी सल्लागार समित्या आहेत.

ग्रामपंचायतीने प्रथम आपल्या हद्दीतील प्रत्येक रस्त्याचा वर्ग व क्रमांक नोंदवून ठेवावा. पावसाळ्यापूर्वी चरी, मोऱ्या व पूल यांची पाहणी करून ग्रामसभेचा ठराव योग्य त्या कार्यालयास पाठवावा आणि पोच जपून ठेवावी. गाडीची मागणी करताना विद्यार्थ्यांची संख्या, शाळेची वेळ आणि गाडी वळविण्याची जागा यांचा उल्लेख करावा. मुख्याध्यापकांनी रद्द झालेल्या फेऱ्यांची तारीखवार नोंद ठेवल्यास विभाग नियंत्रकांशी बोलताना तिचा पुरावा म्हणून उपयोग होतो.

‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे एस. टी.चे ब्रीद आहे. ते केवळ गाडीवर लिहून साध्य होत नाही. कायद्याने नेमलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने आपले काम चोख केले, आणि ते काम कोणाचे हे जाणणारे नागरिक गावोगावी असले, तरच हे ब्रीद जिल्ह्यातील शेवटच्या वस्तीपर्यंत पोहोचेल.