कढीपत्त्यावरची लिंबाळी, ऐनावरचा कोसा

कुंडीतल्या कढीपत्त्याची कोवळी पालवी रातोरात फस्त झाली की घरातलं कुणीतरी अळी शोधून काढतं आणि खाली भिरकावतं. त्याच घरातलं दुसरं कुणीतरी गॅलरीत आलेल्या पिवळ्या-काळ्या फुलपाखराचे फोटो काढत असतं. अळी आणि फुलपाखरू, दोन्ही एकच जीव आहे. मराठीत त्याला लिंबाळी म्हणतात. मागच्या पंखांच्या कडेशी विटकरी ठिपका, काळ्या पंखांवर पिवळसर ठिपक्यांची नक्षी आणि सतत फडफडण्याची सवय, एवढ्यावरून ती ओळखता येते.

फुलपाखरं आणि पतंग यांचं आयुष्य समजून घ्यायचं तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. या कीटकांनी जगण्याची दोन मोठी कामं दोन वेगळ्या शरीरांना वाटून दिली आहेत. खायचं आणि वाढायचं हे अळीचं काम. जोडीदार शोधायचा आणि अंडी नेमक्या झाडावर नेऊन ठेवायची हे पंखवाल्याचं काम. पंख फुटल्यावर फुलपाखरू मोठं होत नाही. लहान फुलपाखरू म्हणजे पिल्लू नव्हे. ती जातच लहान असते किंवा अळीला पोटभर खायला मिळालेलं नसतं.

झाडाची निवड

लिंबाळीची मादी कढीपत्त्याशी आली की तिच्याकडे नीट पाहावं. ती एका पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पानावर भराभर टापटाप करते आणि उडून दुसऱ्या पानाकडे जाते. तिच्या पायांवर चव ओळखणारे बारीक केस असतात. पानातली रसायनं ओळखीची निघाली तरच ती पोट वाकवून कोवळ्या पानावर एक अंडं चिकटवते आणि पुढे निघते. अंडं गोल, फिकट पिवळं, जेमतेम एक मिलिमीटरचं. सगळी अंडी एकाच जागी घातली तर एक मुंगी किंवा एक कोळी सगळा वंश संपवू शकेल, म्हणून एका पानावर बहुधा एकच.

कढीपत्ता, लिंबू, संत्रं आणि बेल ही एकाच कुळातली झाडं, त्यामुळे लिंबाळीला ती सारखीच चालतात. विदर्भातल्या संत्र्याच्या रोपवाटिकांमध्ये याच अळ्या कोवळी रोपं उघडी करतात आणि शेतकरी त्यांना कीड म्हणतो, तेही खरंच आहे.

अळ्या एवढ्या चोखंदळ का असतात, याचं उत्तर झाडांकडे आहे. झाडं जागची हलू शकत नाहीत, म्हणून पानांत कडू, उग्र किंवा विषारी रसायनं भरून ठेवतात. एखाद्या झाडाचं विष पचवण्याची क्षमता ज्या जातीने मिळवली, तिला ते झाड जवळजवळ राखीव कुरणच झालं. रुईचा चीक हृदयावर परिणाम करणारा. प्लेन टायगर या केशरी फुलपाखराची अळी मात्र रुईचीच पानं खाते आणि त्यातलं विष अंगात साठवते. ते विष कोषातून पुढे फुलपाखरापर्यंत पोहोचतं. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्या केशरी रंगाच्या वाटेला जात नाही. डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी अंगात विष नसताना हुबेहूब तसेच रंग मिरवते आणि फुकटात संरक्षण मिळवते.

अळी: खाणं आणि कात टाकणं

उबदार हवेत तीन-चार दिवसांत अंडं फुटतं. बाहेर आलेली अळी बहुधा आधी अंड्याचं कवच खाते, मग पानाला लागते. पुढे दोन-तीन आठवडे तिला दुसरा उद्योग नसतो. वाढीचा वेग थक्क करणारा असतो: रेशमाच्या किड्याची अळी अंड्यातून निघाल्यापासून कोष विणेपर्यंत आपलं वजन सुमारे १०,००० पटींनी वाढवते.

तिची कातडी मात्र एका मर्यादेपलीकडे ताणत नाही. म्हणून अळी कात टाकते. लिंबाळीची अळी कोषात जाण्याआधी चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या पाच अवस्था होतात. पहिल्या चार अवस्थांत ती काळपट तपकिरी असते आणि पाठीवर पांढरे पट्टे असतात. पानावर पक्ष्याची विष्ठा पडली आहे असंच वाटतं आणि पक्षी तिकडे ढुंकूनही बघत नाही. पाचव्या अवस्थेत ती एवढी मोठी होते की हे सोंग चालणार नसतं. मग ती कात टाकून एकदम हिरवीगार होते आणि पानांत मिसळून जाते. डोक्यामागच्या फुगीर भागावर डोळ्यांसारखी नक्षी उमटते. खरं डोकं खाली दडलेलं, अगदी छोटं असतं.

आता या हिरव्या अळीला काडीने हलकेच डिवचून बघा. ती डोक्याकडचा भाग उचलते आणि डोक्यामागून नारिंगी, दुभागलेलं, ओलसर शिंग झटकन बाहेर काढते. त्याबरोबर खवट, उग्र वास येतो. मुंग्या आणि छोट्या शिकारी कीटकांसाठी हा वास पुरेसा असतो. धोका टळला की शिंग परत आत जातं.

एवढं करूनही बहुतेक अळ्या फुलपाखरू होईपर्यंत टिकत नाहीत. पक्षी, कोळी आणि मुंग्या आहेतच, शिवाय काही बारीक गांधीलमाश्या अळीच्या अंगातच अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं तिला आतून पोखरतात. निसर्गाचं गणितच तसं आहे. एका मादीची सगळी अंडी जगली असती तर गावात लिंबाचं एक पान उरलं नसतं.

कोषात काय घडतं?

पोट भरलं की अळी खाणं थांबवते, अंगातलं पाणी आणि उरलंसुरलं बाहेर टाकते आणि आडोशाची काडी शोधत फिरते. तिथे रेशमाची छोटी गादी करून मागचं टोक अडकवते, कमरेभोवती रेशमाचा एक धागा आवळते आणि किंचित मागे रेलून स्थिर होते. दुसऱ्या दिवसापर्यंत शेवटची कात गळते आणि आतून कोष उघडा पडतो. हिरव्या पालवीतला कोष बहुधा हिरवा होतो, सुक्या काडीवरचा तपकिरी.

अळीने कधी कोषात जायचं हे कोण ठरवतं? स्टेफान कोपेच या पोलिश शास्त्रज्ञाने १९१७ च्या सुमारास एका पतंगाच्या अळ्यांना मधोमध दोरा आवळून बांधून पाहिलं. दोरा लवकर बांधला तर अळीचा पुढचा भाग कोषात गेला आणि मागचा भाग अळीच राहिला. मेंदूकडून रक्तातून काहीतरी मागे जात होतं आणि दोऱ्याने ते अडवलं होतं. यातल्या एका संप्रेरकाचा शोध घेताना जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी १९५४ मध्ये रेशीमकिड्यांच्या ५०० किलो कोषस्थ किड्यांमधून जेमतेम २५ मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य मिळवलं. ते एक्डायसोन. त्याचा जोर आला की कात टाकायची वेळ होते. पण पुढे काय व्हायचं हे दुसरं संप्रेरक ठरवतं. त्याचं प्रमाण भरपूर असेल तर अळीची अळीच राहते. ते ओसरलं की कोष.

कोषात सगळ्याचा रस होतो आणि त्यातून नवा जीव घडतो असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. अळीचे बरेचसे स्नायू आणि पचनसंस्थेचा मोठा भाग मोडला जातो हे खरं. पण पंख, पाय, डोळे यांची बीजं पेशींच्या छोट्या चकत्यांच्या रूपात अळीच्या अंगात आधीपासूनच असतात. कोषात त्या झपाट्याने वाढतात. श्वासनलिका राहतात, मेंदूची नव्याने जुळणी होते. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तंबाखूवरच्या पतंगाच्या अळ्यांना एका विशिष्ट वासाबरोबर सौम्य विजेचा झटका देण्यात आला. शेवटच्या अवस्थेत हा धडा मिळालेल्या अळ्या पतंग झाल्यावरही त्या वासापासून दूर राहिल्या. म्हणजे अळीपणीची एखादी आठवण कोषातून पार होऊ शकते.

पंख उघडतात

आठ-दहा दिवसांनी कोष काळपट होतो आणि कवचातून पंखांची नक्षी दिसू लागते. मग कवच तडकतं, फुलपाखरू बाहेर येतं आणि लगेच लटकायला जागा शोधतं. पंख या वेळी चुरगळलेले, ओले आणि अगदी छोटे असतात. ते अंगातलं द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलत राहतं आणि पंख डोळ्यांदेखत पसरतात. पण ताठ होऊन उडण्याजोगे व्हायला तास-दोन तास लागतात. याच वेळात त्याला सोंडही जुळवायची असते. सोंड दोन उभ्या अर्ध्या भागांची येते; ते भाग एकमेकांत अडकवल्यावर नळी तयार होते. लटकायला जागा मिळाली नाही किंवा कुणी हात लावला, तर पंख तसेच वेडेवाकडे वाळतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत.

पंखांना बोट लावलं की जी पूड लागते ती म्हणजे खवले. छपरावरच्या कौलांसारखे ते एकावर एक रचलेले असतात. काहींचा रंग रंगद्रव्याचा असतो, तर निळ्या-जांभळ्या चमकदार छटा बऱ्याचदा खवल्यांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतल्यामुळे दिसतात. खवले सहज सुटतात, म्हणूनच कोळ्याच्या जाळ्याला थोडे खवले चिकटवून फुलपाखरू निसटू शकतं.

फुलांतल्या मधातून साखर मिळते, मीठ नाही. म्हणून ओढ्याकाठच्या ओल्या चिखलावर फुलपाखरांची गर्दी दिसते. त्यात बहुतेक नर असतात. चिखलातून शोषलेले क्षार ते मीलनाच्या वेळी मादीला देतात आणि ते अंड्यांच्या कामी येतात.

आणि पतंग?

फुलपाखरं आणि पतंग यांच्या गणातल्या सुमारे १ लाख ६० हजार जाती जगाला माहीत आहेत. त्यातली फुलपाखरं अठरा-एकोणीस हजार, बाकी सगळे पतंग. वंशावळ पाहिली तर फुलपाखरं म्हणजे पतंगांचीच दिवसा उडू लागलेली एक शाखा. ओळखायचं तर मिशा पाहाव्यात. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या. फुलपाखराचा कोष उघडा असतो. अनेक पतंग त्याभोवती रेशीम विणतात.

गडचिरोली, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या पट्ट्यात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या पतंगाच्या अळ्या वाढवतात. तिकडे याला कोसा म्हणतात आणि ढीवर समाजातली अनेक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत. अळ्या जंगलातल्या उघड्या झाडांवर असतात, त्यामुळे पक्षी आणि मुंग्यांपासून दिवसभर राखण करावी लागते. टसरची हिरवी, बोटभर जाड अळी आधी फांदीला रेशमी देठ बांधते आणि त्या देठाला लोंबता, टणक कोसा विणते. हिवाळ्याच्या सुमारास विणलेल्या कोशातला जीव उन्हाळाभर थांबून राहतो आणि पावसाच्या तोंडावर बाहेर येतो. बाहेर पडताना तो कोशाचं टोक भिजवून मऊ करणारं पाचक द्रव्य सोडतो आणि धागे बाजूला सारून वाट काढतो. असा फुटका कोसा सलग धागा काढायला उपयोगी पडत नाही, म्हणून रेशमासाठीचे कोसे त्याआधीच उष्णतेने मारावे लागतात.

वीतभर पंखांचा हा पतंग खात काहीच नाही. त्याच्या तोंडाचे भाग कामाचे नसतात. अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो सुमारे आठवडाभर जगतो. मादी एका जागी बसून गंध सोडते आणि नर पिसासारख्या मिशांनी तो टिपत अंधारातून तिच्यापर्यंत येतो. मादीच्या अशा गंधद्रव्याची रासायनिक ओळख पहिल्यांदा पटली ती रेशमाच्या पतंगात, १९५९ मध्ये. त्यासाठी बुटेनांट यांच्या चमूला सुमारे पाच लाख पतंग लागले होते. आज कापसाच्या शेतात गुलाबी बोंडअळीसाठी लावलेले कामगंध सापळे याच ज्ञानावर चालतात. तिथे नर पतंग मादीच्या भ्रमात सापळ्यात शिरतो.

पतंग दिव्यावर झेप घेतो ती प्रेमाने, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी वेगळंच टिपलं. उडताना हे कीटक उजेडाकडे पाठ करतात, कारण रात्रीही आकाशच जमिनीपेक्षा उजळ असतं आणि त्यावरून वर कुठे, खाली कुठे हे त्यांना कळतं. जवळ दिवा असला की पाठ दिव्याकडे वळते आणि ते त्याच्याभोवती गरगरत अडकतात. रात्री नको असलेला बाहेरचा दिवा बंद केला की त्यांची सुटका होते.

घरी फुलपाखरं हवीत म्हणून आपण नर्सरीतून रंगीत फुलांची रोपं आणतो. त्यावर मध प्यायला पाहुणे येतील, मुक्कामाला कुणी राहणार नाही. मुक्कामासाठी अळीचं झाड लागतं: लिंबाळीसाठी कढीपत्ता किंवा लिंबू, प्लेन टायगरसाठी रुई, रेड पिएरोसाठी पानफुटी, टेल्ड जेसाठी सीताफळ, पिवळ्या-पांढऱ्या एमिग्रंटसाठी बहावा किंवा टाकळा. आणि ती झाडं खाल्ली जाऊ द्यावी लागतात. कढीपत्त्याला पालवी पुन्हा फुटते. तेव्हा पुढच्या वेळी पान कुरतडलेलं दिसलं की फवारणीचा पंप बाजूला ठेवा, अळी शोधा आणि महिनाभर तिला तिथेच राहू द्या.