कार्डावर किती, घरात किती?

रविवारची वंदना झाली आणि आम्ही वाशिंदच्या वस्तीतल्या आयाबहिणींना एकच विनंती केली : घरी जाऊन रेशनकार्ड घेऊन या. थोड्याच वेळात विहाराच्या चटईवर पिवळी, केशरी कार्डे जमा झाली. काही प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली, काही पावसात भिजून अक्षर उडालेली.

एक आजी म्हणाल्या, "आमचं कार्ड चालू आहे ताई, दर महिन्याला धान्य येतं. आमचं काही काम नाही."

आम्ही विचारले, "आजी, घरात माणसं किती?"

"सहा. मी, दोन मुलं, सून, नातू आणि नात."

कार्डावर नावे निघाली चार. आजी, दोन मुले आणि आजोबा. आजोबा जाऊन तीन वर्षे झाली. चार वर्षांच्या नातवाचे नाव नाही, आठ महिन्यांच्या नातीचे नाव नाही, आणि अंगावर पाजणाऱ्या सुनेचेही नाव नाही. घरात ज्यांना पोटभर अन्नाची सर्वांत जास्त गरज, नेमके तेच कार्डाबाहेर!

त्या दिवशी आम्ही पाहिलेल्या बहुतेक कार्डांची थोड्याफार फरकाने हीच कथा होती. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर औषधगोळ्यांऐवजी रेशनकार्डाबद्दल बोलू या.

हा उपकार नाही, कायदा आहे

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते. अंत्योदय कुटुंबाला माणसे कितीही असोत, महिन्याला ३५ किलो मिळते. आधी तांदळाला किलोमागे ३ रुपये आणि गव्हाला २ रुपये मोजावे लागत. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षे ते मोफतच मिळणार आहे.

या कायद्याचे मूळ आपल्या संविधानात आहे. अनुच्छेद ४७ म्हणतो की लोकांचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. अशी मार्गदर्शक तत्त्वे कोर्टात बजावता येत नाहीत, मग त्यांचा उपयोग काय, असे तेव्हाही विचारले गेले. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्याचे उत्तर दिले : सत्तेवर कोणीही येवो, ही तत्त्वे त्याला दुर्लक्षिता येणार नाहीत, कोर्टात नाही तरी निवडणुकीत मतदारांपुढे जाब द्यावाच लागेल. तेव्हा रेशनच्या रांगेत मान खाली घालून उभे राहण्याचे कारण नाही. आपली तरुण मुले कधी कधी म्हणतात, "रेशनचं खायचं म्हणजे कमीपणा." कमीपणा हक्क घेण्यात नाही, तो सोडून देण्यात आहे.

दर महिन्याला १५ किलो

आजींच्या घरचा हिशेब मांडू. तीन माणसांची नावे नाहीत, म्हणजे महिन्याला १५ किलो आणि वर्षाला १८० किलो धान्य बुडाले. बाजारात किलोला ४० रुपये धरले तरी वर्षाचे ७,२०० रुपये झाले.

माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. तेवढ्यात पोट भरत नाही, हे आम्हालाही कळते. पण तांदूळ-गव्हाला लागणारे पैसे वाचले, तर त्याच पैशांत डाळ, अंडी, शेंगदाणे, पालेभाजी येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५४ जणींना आणि पाच वर्षांखालच्या १०० बालकांपैकी जवळजवळ ६९ बालकांना रक्तक्षय आहे. चक्कर, धाप, मुलांचे सारखे आजारी पडणे, बाळंतपणातला धोका यांच्या मागे पुष्कळदा रिकामे ताट असते. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्याने ते पाहिले आहे. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता.

केशरी कार्ड म्हणजे धान्य नव्हे

हा गैरसमज वस्तीत फार आहे. कार्ड केशरी असले तरी कुटुंब अन्न सुरक्षा योजनेत 'प्राधान्य कुटुंब' म्हणून घेतलेले असेल तरच धान्य मिळते. ग्रामीण भागात त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये, तर शहरी भागात ५९,००० रुपये आहे. कार्डावर तसा शिक्का आहे का ते पाहा. दुकानदाराला १२ अंकी क्रमांक सांगून विचारा, "आमच्या कार्डावर किती माणसांचं धान्य येतं?" तो आकडा घरातल्या माणसांशी ताडून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे.

नाव कसे चढवायचे?

नाव वाढवायला नमुना ८ चा अर्ज लागतो, कमी करायला नमुना ९ चा. बाळासाठी जन्माचा दाखला जोडा. सुनेसाठी माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणा. बहुतेक सुनांचे काम इथेच अडते, कारण माहेर दूर असते. तेव्हा लग्न ठरतानाच दोन्ही घरांनी या दाखल्याचेही ठरवून टाकावे. आधार कार्डाची प्रत सर्वांची लागते.

आजी घाबरून म्हणाल्या, "ह्यांचं नाव काढलं तर धान्य कमी होईल ना?" पाच किलो कमी होईल, आजी, पण तिघांचे पंधरा किलो वाढू शकते. ई-केवायसीत गेलेल्या माणसाचे नाव तसेही गळणार आहे. शिवाय राज्याला ठरवून दिलेला आकडा सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांचा आहे. तो २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे, तेव्हापासून माणसे वाढली तरी आकडा तोच. म्हणूनच "इष्टांक संपला" हे उत्तर ऐकावे लागते. मयतांची आणि बाहेर गेलेल्यांची नावे निघाली की जिवंत माणसांना जागा होते. इष्टांक वाढवून घेण्याची मागणीही ग्रामसभेत आणि लोकप्रतिनिधींपुढे आपण करत राहिली पाहिजे. पण तोवर अर्ज द्यायचे थांबू नका. तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. अर्ज द्या आणि तारखेची पोच घ्या.

अर्ज शहापूरच्या तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेत द्यायचा, मुरबाडकरांनी मुरबाडला. वाशिंदहून आसनगावपर्यंत लोकल, पुढे रिक्षा. एका खेपेत दिवसाची मजुरी बुडते. म्हणून एकेकटीने जाऊ नका. वस्तीतले पंधरा-वीस अर्ज विहारात भरून घ्या आणि शिकलेल्या दोन मुलांच्या हाती एकदम पाठवा.

अंगठा लागत नाही, माणूस बाहेरगावी आहे

वीटभट्टीवर, बांधकामावर, धुण्याभांड्यांत राबून बोटांच्या रेषा झिजतात. मशीन अंगठा घेत नाही आणि माणूस रिकाम्या पिशवीने परततो. अशा वेळी दुसरे बोट, डोळ्यांची पडताळणी किंवा आधारला जोडलेल्या मोबाईलवरचा ओटीपी असे मार्ग आहेत. ई-केवायसी चेहरा दाखवून मोबाईल ॲपवरही करता येते. केवळ अंगठा जुळला नाही किंवा आधार नाही म्हणून पात्र कुटुंबाचे धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्व राज्यांना कळवले आहे. त्याच्या आधीच्या महिन्यात झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी मरण पावली होती. आधार न जोडल्याने रेशन बंद झाले आणि मुलगी "भात, भात" करत गेली, असे तिच्या आईने सांगितले. प्रशासनाने ते मान्य केले नाही, पण देशभर त्याची चर्चा झाली.

विदर्भ-मराठवाड्यातून येऊन वाशिंदला राहणाऱ्या कुटुंबांनी गावचे कार्ड पेटीत ठेवू नये. ते अन्न सुरक्षा योजनेतले असेल तर 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत इथल्या दुकानातही त्यावर धान्य मिळते. ई-केवायसीही इथेच होते, गावी जावे लागत नाही.

दुकानात आणि अंगणवाडीत

मशीनची पावती मागा आणि वजन पावतीशी जुळवा. धान्य कमी दिले किंवा नाकारले, तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करा. कायद्याने जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी आणि राज्यात अन्न आयोग आहे. घरातली १८ वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्री ही कार्डाची कुटुंबप्रमुख, असेही हाच कायदा सांगतो. म्हणून आयाबहिणींनो, दुकानात प्रश्न विचारायला तुम्हीच पुढे व्हा.

रेशनच्या तांदळात थोडे वेगळे, पिवळट दाणे दिसतात, ते पाण्यावर तरंगतात. कोणीतरी "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणते आणि ते निवडून फेकले जातात. ते दाणे प्लास्टिकचे नाहीत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून ते बनवलेले असतात. रक्तक्षयावर उपाय म्हणूनच ते शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात मिसळलेले असतात. फेकू नका, शिजवा. घरात कोणाला थॅलेसेमिया असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

रेशनकार्डावर नाव चढेपर्यंत बाळाने थांबायचे कारण नाही. सहा महिने ते सहा वर्षांची मुले, गरोदर माता आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंतच्या माता यांना अंगणवाडीतून आहार मिळतो. त्यासाठी कार्डावर नाव असण्याची अट नाही. आजींच्या नातीची आणि नातवाची अंगणवाडीत नोंद त्याच आठवड्यात करायचे ठरले.

आळवी नगरीतल्या भुकेल्या शेतकऱ्याची गोष्ट आपण विहारात ऐकलेली आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीच भगवंतांपुढे आला, तेव्हा भगवंतांनी आधी त्याला जेवू घालायला लावले, मग देशना दिली. आपणही पुढच्या रविवारी वंदनेला येताना कार्ड बरोबर आणू या. कार्डावर माणसे किती आणि घरात किती, एवढेच मोजायचे. फरक निघाला, तर अर्ज तिथेच भरू.

जय भीम!